सर्व्हर चालू होता

"संगणक क्षेत्रातली तुमची वाटचाल लिहा, आपल्याकडच्या मुलींना प्रेरणा मिळेल," असं या अंकाच्या संपादकबाई फोनवर म्हणाल्या. मी हो म्हणाले आणि लिहायला बसले. घाटनांदूरला शाळा, अंबाजोगाईला कॉलेज, पुण्यात एका कंपनीत काही वर्षं नोकरी आणि आईच्या आजारपणामुळं परत बीडला. वाटचाल चार ओळींत संपली. त्यात प्रेरणा घेण्यासारखं मला तरी काही सापडलं नाही. म्हणून डोक्यात जे ठाण मांडून बसलंय तेच लिहिते. ते रागाचं आहे. सणासुदीला राग कशाला, असं ज्यांना वाटेल त्यांनी खुशाल पान उलटावं.

मी सर्व्हर सांभाळते. "सर्व्हर डाऊन आहे" हे वाक्य तुम्ही कुठल्या ना कुठल्या खिडकीवर ऐकलंच असेल. ऐकलं की तुम्ही पिशवी उचलता आणि घरी जाता. भांडत नाही. लाइट गेली तर खांबाशी कोण भांडणार? तसंच हे. पण मी ते वाक्य ऐकते तेव्हा मला वाटतं, माझ्या तोंडावर कुणीतरी खोटं बोलतंय. कारण निदान मी सांभाळलेला सर्व्हर तरी डाऊन नसतो. असलाच तर ते सगळ्यात आधी मला कळतं.

काम काय ते आधी सांगते. पुण्याला असताना एकदा घरी आले होते, तेव्हा आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, हेच विचारलं. आमचं घाटनांदूरला किराणा दुकान. आम्ही लिंगायत, दुकानदारी दोन पिढ्यांची. गाळा मोठा आहे, म्हणून आप्पांनी एका बाजूला शिंप्याला जागा दिलेली आणि मागच्या दाराशी एक मोबाइल दुरुस्तीवाला.

"तू तितं नेमकं करतीस काय?" आप्पा साखर जोखता जोखता म्हणाले.

मी सांगितलं, "आप्पा, एखाद्या हापिसात सात कामांना सात कॉम्प्युटर असतात. प्रत्येकाला दिवसातून थोडंच काम. बाकी वेळ नुसते गरम होत बसतात. आम्ही एक दणकट यंत्र घेतो आणि त्याच्या पोटात सात कॉम्प्युटर तयार करतो. हाताला लागत नाहीत, पण असतात. प्रत्येकाला वाटतं, हे आख्खं यंत्र माझंच. एक आजारी पडला तरी शेजारच्याला पत्ता लागत नाही."

आप्पांनी पुडी बांधली, गिऱ्हाईक वाटेला लावलं आणि म्हणाले, "म्हंजे पोटभाडेकरू."

"हो."

"आन भाडेकरूला वाटतं गाळा त्याच्याच बापाचा."

"अगदी."

"मग त्यांची भांडनं कोन मिटवतं?"

"मीच."

"मग तुला पगार कमी देत्यात," आप्पा म्हणाले.

व्हर्च्युअलायझेशन असं या विद्येचं लांबलचक नाव आहे. मी पुण्यात त्यावर चांगलं वजनदार प्रमाणपत्र मिळवलं. पण आप्पांच्या त्या एका शब्दापेक्षा सोपं मला आजवर कुणाला सांगता आलेलं नाही, त्यामुळं इथंही तोच वापरते.

बीडला आल्यावर एका धर्मादाय संस्थेच्या रुग्णालयात नोकरी मिळाली. नाव लिहीत नाही. मुलाखतीत संस्थेच्या एका विश्वस्तांनी विचारलं, "प्रिंटर दुरुस्त करता येतो का?" मी म्हणाले, मी सर्व्हरचं काम करते. ते म्हणाले, "तेच ते." पुढची सगळी वर्षं या "तेच ते"नं माझा पिच्छा पुरवला. कुणाचा मोबाइल लटकला, कुणाच्या मुलाचा फॉर्म भरायचाय, डॉक्टरांच्या केबिनमधला एसी गळतोय, की बोलवा कॉम्प्युटरवाल्या मॅडमना.

त्या रुग्णालयात सर्व्हर म्हणून चालणारे डबे सात ठिकाणी होते. औषधांचा डबा मेडिकलच्या टेबलाखाली, झाडूला लागून. हिशेबाचा कपाटात, दार उघडं ठेवून, नाहीतर तापायचा. लॅबचा चक्क बेसिनखाली. त्या डब्यावर एक प्रोग्रॅम चालायचा, तो लिहून देणारी कंपनी केव्हाच बुडालेली. तो बंद पडला असता तर जिल्हाभरातून आलेल्या माणसांचे रक्ताचे जुने रिपोर्ट कायमचे गेले असते. बेसिन तुंबलं की झालं, एवढाच त्या रिपोर्टांचा विमा.

मी सातही डबे जसेच्या तसे उचलून एका नव्या यंत्राच्या पोटात नेऊन ठेवले. जसेच्या तसे म्हणजे अक्षरशः. लॅबवाल्या जाधवभाऊंना सकाळी आल्यावर तोच पडदा, तीच निळी खिडकी, तेच चुकीचं स्पेलिंग दिसलं. डबा मात्र मी काढून नेला नाही, कारण जागा रिकामी दिसली की तिथं दुसरं काहीतरी येऊन बसतं. खंडेनवमीला बघते तर जाधवभाऊंनी त्या मेलेल्या डब्याला हळदकुंकू वाहिलेलं, झेंडूचा हार घातलेला.

"भाऊ, यात आता काही नाही. तुमचा सर्व्हर वरच्या खोलीत गेला."

"वरच्या खोलीत कुठं?"

"एका यंत्रात. अजून सहाजणांबरोबर."

त्यांनी हाराकडं बघितलं. "मग हार कुनाला घालू?"

शेवटी ते दुसरा हार घेऊन वर आले, यंत्राच्या दारापाशी ठेवला आणि म्हणाले, "साताजनांत एक. वाटून घ्या म्हनावं."

दुसऱ्या यंत्रासाठी मला संस्थेशी वर्षभर झगडावं लागलं. एक चालतंय तर दुसरं कशाला, हा त्यांचा सवाल. मी विचारलं, लाइट चालू असते तर ऑपरेशन थिएटरला जनरेटर कशाला? त्यावर बैठकीत सगळे गप्प झाले आणि पुढच्या बैठकीपर्यंत गप्पच राहिले. पण आलं एकदाचं. दोन यंत्रं असली की घर पडायला झालं तरी भाडेकरूंना शेजारच्या घरात हलवता येतं, तेही त्यांची चूल पेटती असतानाच. एका दुपारी पहिल्या यंत्राचा पंखा घरघरायला लागला. पंखा बदलायचा तर यंत्र बंद करावं लागणार. मी सातही भाडेकरू एकेक करून दुसऱ्या यंत्रावर नेले. खाली त्या वेळी एका बाईंचं बिल निघत होतं. अर्धं बिल या यंत्रावर झालं, अर्धं त्या. बाईंना कळलं नाही, बिल काढणाऱ्यालाही कळलं नाही. मी वर बसून एकटीच हसले. आमच्या कामात असं एकटंच हसावं लागतं.

एकदा मात्र सर्व्हर खरोखर बंद पडला. बॅटऱ्यांच्या खोलीत धूर झाला आणि सगळ्याच खोल्यांची वीज तोडावी लागली. तेव्हा मी स्वतः खाली हॉलमध्ये गेले आणि रांगेतल्या लोकांना सांगितलं, "बिघाड आमचा आहे. तासभर लागेल. ज्यांना घाई आहे त्यांचं कागदावर लिहून घेतील, बाकीच्यांनी बसून घ्या." कुणी ओरडलं नाही. एका आजोबांनी उलट मलाच पाणी दिलं. लोकांना खरं सांगितलं की लोक ऐकतात, हे मी तेव्हा पाहिलं.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते.

हॉलमध्ये दोन खिडक्या शेजारी शेजारी होत्या. एक रोखीची. पैसे भरा, पावती घ्या, खाट मिळते. दुसरी सरकारी योजनेची. तिथं कार्ड दाखवायचं, खिडकीवरची मुलगी अर्ज संगणकावर भरून पाठवते, मंजुरी आली की ऑपरेशन फुकट होतं. दोन्ही खिडक्यांचे कॉम्प्युटर हे माझेच पोटभाडेकरू, एकाच यंत्रात शेजारी राहणारे.

एका सकाळी मी खाली कुणाचा तरी प्रिंटर बघायला चालले होते. जिन्यापाशी एक वयस्कर गृहस्थ उकिडवे बसले होते. डोक्याला पागोटं, खांद्यावर घोंगडी. शेजारी बोळात स्ट्रेचरवर त्यांची बायको. पायाला लाकडी पट्टी बांधलेली, डोळे मिटलेले, ओठ दाताखाली धरलेले.

"मॅडम, तुमी हितल्याच का?"

"हो मामा."

"मग एक सांगा. त्यो सर्व्हर कवा चालू व्हायचा?"

"कुठला सर्व्हर?"

"हितलाच की. आमी आलो त्या दिसापून डाऊन हाय म्हनायलेत."

मी म्हणाले, "नाही मामा, बंद नाही. मीच बघते तो. आत्ताच बघून आले."

त्यांनी मान वळवून आधी योजनेच्या खिडकीकडं पाहिलं, मग रोखीच्या. "मग हितं बंद आन तितं पैशे घ्यायलेत, आसं कावून? आमच्याकडं रेशनला गेलं तरी डाऊन, ब्यांकेत गेलं तरी डाऊन. आख्ख्या जिल्ह्याला एकच सर्व्हर हाय का, आन त्यो फकस्त गरिबालाच डाऊन ऱ्हातो?"

मी त्यांच्याजवळ बसले. नाव गेनूबा. आष्टीकडचे धनगर. मेंढरं घेऊन वडवणीच्या शिवारात उतरले होते. डगरीवरनं कळप खाली घेताना बायको, सोजरबाई, घसरली आणि खुबा मोडला. मुलाला मेंढरांपाशी ठेवून हे दोघं जीपनं बीडला आले. कार्ड होतं, कागद होते, सगळं होतं. त्या दिवशी सर्व्हर डाऊन. दुसऱ्या दिवशी डाऊन. तिसऱ्या दिवशी मी भेटले. मंजुरी नाही म्हणून खाट नाही, खाट नाही म्हणून बोळ.

"लई दुखतंय का मावशी?" मी विचारलं.

सोजरबाईंनी डोळे उघडले. "दुखायचं जाऊ दे. कूस बदलता येत न्हाई, पाठ सोलली. त्याला सांग, मला मेंढरापाशी नेऊन टाक."

मी योजनेच्या खिडकीत गेले. तिथली वर्षा, चांगली मुलगी, माझ्याशी डबा वाटून खाणारी. तिच्यासमोर अर्जाचं पान उघडं होतं. सरकारी पोर्टलही चालू होतं, मी तिथंच उभी राहून बघितलं.

"वर्षा, काय डाऊन आहे?"

ती मान वर करेना. "मॅडम, मला जसं सांगितलंय तसं सांगते मी. माझी नोकरी घालवू नका."

मग हळूच तिनं सगळं सांगितलं. हाडांचे नेहमीचे डॉक्टर आठवडाभर बाहेरगावी गेले होते. त्यांच्या जागी दुसऱ्या डॉक्टरांना बाहेरून बोलावून घेत, पण फक्त रोखीच्या पेशंटसाठी. योजनेच्या पेशंटला बोलावणं परवडत नाही, असं वरून ठरलेलं. अर्ज पाठवला तर मंजुरी येणार, मंजुरी आली तर ऑपरेशन करावं लागणार. म्हणून अर्जच पाठवायचा नाही. लोकांनी विचारलं तर सर्व्हर. कंटाळून कुणी जागा विकून, दागिना मोडून रोखीच्या खिडकीला आलं तर ठीक, कुणी दुसरीकडं गेलं तर तेही ठीक.

इतकी वर्षं मी त्या यंत्रांना जीव लावला. घर पडलं तरी भाडेकरू उघड्यावर येऊ नयेत म्हणून बैठकीत भांडले. आणि या लोकांनी माझ्या चालत्या सर्व्हरची ढाल केली होती. घर पडलंच असतं तर दोन्ही भाडेकरू उघड्यावर यायला हवे होते. शेजारचा मजेत पावत्या फाडत होता.

मी व्यवस्थापकांच्या केबिनमध्ये गेले. ते चहा घेत होते, मलाही विचारलं. मी नको म्हणाले.

"साहेब, सर्व्हर चालू आहे."

"माहीत आहे मला."

मला वाटलं होतं ते निदान कानकोंडे होतील. ते बशी खाली ठेवून शांतपणे म्हणाले, "मॅडम, बसा. हे बघा, डॉक्टर नाहीत म्हटलं की लोक चिडतात. तोडफोड होते. पेपरात येतं. सर्व्हर डाऊन म्हटलं की कुणी चिडत नाही. सगळ्यांना सवय आहे. यात तुमचं काय गेलं?"

"माझं नाव गेलं, साहेब. तो सर्व्हर मी चालवते."

"तुमचं नाव कोण घेतंय? खिडकीवर काय लिहिलंय का, शिवलीला मॅडमचा सर्व्हर म्हणून?"

"बोळात एक बाई मोडका खुबा घेऊन पडल्यात. त्यांची पाठ सोलली आहे."

"दहा बाया असतात अशा. तुम्ही मशीन बघा. पेशंट बघायला डॉक्टर आहेत."

"तेच तर नाहीत," मी म्हणाले.

यावर ते चिडले. आवाज चढवून म्हणाले, "तुमचं काम वरच्या मजल्यावर आहे. वर जा."

मी वर गेले नाही. जिना उतरून हॉलमध्ये आले. योजनेच्या खिडकीसमोर पंधरावीस माणसं ताटकळत बसलेली, कुणी खाली, कुणी बाकावर. मी काही भाषण करणारी बाई नाही. लग्नात आहेर पुकारायला सांगितलं तरी मी मागच्या मागं सटकते. पण आवाज निघाला, आणि चांगला मोठा निघाला.

"ऐका सगळे. मी इथला सर्व्हर चालवते. सर्व्हर चालू आहे. कालही चालू होता, परवाही चालू होता. सरकारचं पोर्टलही चालू आहे. ज्याला खोटं वाटतं त्यानं माझ्याबरोबर वर येऊन बघावं."

मग गेनूबा उठले. खिडकीपाशी गेले, कार्ड आत सरकवलं आणि वर्षाला म्हणाले, "लेकी, भर."

वर्षानं माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. तिनं कार्ड घेतलं आणि बोटं चालवायला सुरुवात केली. गेनूबांच्या मागं सगळा हॉल उभा राहिला. कुणी खिडकीवर हात मारला नाही, कुणी काच फोडली नाही. तोडफोडीच्या भीतीनं ज्यांनी खोटं बोलायला लावलं होतं त्यांनी खाली येऊन ते बघायला हवं होतं. लोक नुसते रांगेत उभे राहिले. व्यवस्थापक वरून कठड्यापाशी येऊन बघत होते. ते खाली उतरले नाहीत.

सोजरबाईंची मंजुरी दुसऱ्या दिवशी आली. एवढीच वाट होती ती, एका दिवसाची. बाहेरच्या डॉक्टरांना तातडीनं बोलावणं गेलं, कारण आता सगळ्या हॉलला सगळं ठाऊक झालं होतं. ऑपरेशन झालं. पण त्या बाई इतके दिवस उताण्या पडून होत्या. छातीत कफ साठला, न्युमोनिया झाला, पाठीची जखम चिघळली. अतिदक्षता विभागात गेल्या. गेनूबा दाराबाहेर घोंगडीवर बसून असायचे. मी जेवणाच्या सुट्टीत जाऊन बसायचे. ते मेंढरांचं सांगायचे, कुठली व्यायली, कुठलं कोकरू अंगावर पीत नाही म्हणून मुलाचा फोन आलता.

एका तरुण डॉक्टरबाईंना मी विचारलं, "लवकर ऑपरेशन झालं असतं तर?" त्या म्हणाल्या, "खुब्याचं हाड जितकं लवकर तितकं बरं. पण नेमकं कशामुळं काय झालं, हे लिहून मागाल तर कुणी देणार नाही." पुढं मला म्हणाल्या, "मॅडम, तुम्ही सांभाळून राहा."

सोजरबाई वाचल्या. घरी गेल्या, पण वॉकर घेऊन.

मला पत्र मिळालं : कामकाजात अडथळा आणणे, जमावास चिथावणे. मी उत्तर दिलं की मी फक्त सर्व्हर चालू असल्याची माहिती दिली, आणि ती माझ्या कामाचाच भाग आहे. त्यावर काही आलं नाही. काही महिन्यांनी संस्थेनं ठरवलं की सगळे सर्व्हर पुण्याच्या एका कंपनीकडं भाड्यानं ठेवायचे, इथं माणूस नको. माझे सातही भाडेकरू मीच बांधून, तपासून पाठवून दिले. एकाचंही भांडं मागं राहू दिलं नाही. राग माणसांवर होता, त्या रक्ताच्या रिपोर्टांवर नव्हता.

निरोप समारंभ ठेवला. शाल, नारळ, पेढे. व्यवस्थापक भाषणाला उभे राहिले आणि म्हणाले, "मॅडमचं काम इतकं चोख, की एवढ्या वर्षांत आपला सर्व्हर बॅटऱ्यांचा तो एक प्रसंग सोडला, तर एक दिवस बंद पडला नाही."

टाळ्या झाल्या. जाधवभाऊ सोडून सगळ्यांनी वाजवल्या. मी उठून माइकपाशी गेले आणि म्हणाले, "साहेब, हे तेवढं संस्थेच्या कागदावर लिहून द्या." व्यवस्थापकांना आधी समजलं नाही. समजलं तेव्हा त्यांनी पेढ्यांचं ताट पुढं करायला सांगितलं. शाल मी तिथंच खुर्चीवर ठेवून आले.

आता मी स्वतंत्र काम करते. अंबाजोगाई, माजलगाव, आष्टी अशा ठिकाणच्या लहान दवाखान्यांची आणि शाळांची यंत्रं सांभाळते. काम घेताना एक अट घालते : हॉलमध्ये एक छोटा पडदा लावायचा, त्यावर यंत्र चालू आहे की बंद ते सगळ्यांना दिसलं पाहिजे. काहीजण ही अट ऐकून दुसरा माणूस बघतात. बघू देत. मला त्यातून कळतं कुणाकडं काम करायचं नाही ते.

गेल्या महिन्यात आष्टीला काम निघालं. संपल्यावर विचारत विचारत गेनूबांच्या वाडीवर गेले. ते मेंढरं घेऊन लांब गेले होते, मुलगा आणि सूनही. घरी सोजरबाई एकट्या, पत्र्याच्या सावलीत खाटेवर. जन्मभर कळपामागं चाललेली बाई पहिल्यांदाच मागं राहिलेली. चहा करते म्हणून वॉकर धरून उठल्या. मी नको म्हणाले तर डोळे वटारले.

चहा झाल्यावर मी म्हणाले, "मावशी, बरं वाटलं तुम्हाला चालताना बघून."

"ह्याला चालनं म्हनत्यात व्हय?" त्या म्हणाल्या. "सारे म्हनत्यात, ती बाई वरडली म्हून सोजर वाचली. म्या बी म्हनते. पर एक सांग, तू कावून वरडावं? तुजं काम तर तू करतच हुतीस. ज्याचं काम त्यानं कावून केलं न्हाई? आन त्याला कुनी इचारलं?"

मी कपबशी खाली ठेवली.

"इचारलं का कुनी?" त्या पुन्हा म्हणाल्या.

"नाही."

"मग तू उपकार केल्यावानी माज्याकडं बघायला येऊ नगंस. लिव्हता येतं ना तुला? लिव. कुटं द्यायचा त्यो अर्ज ते बी लिव. ह्यो बघ." त्यांनी अंगठा पुढं केला. बोटांना चुलीची राख लागलेली होती.

मी तिथंच खाटेवर बसून अर्ज लिहिला. त्या सांगत गेल्या, मी लिहीत गेले. कुठं घसरले, कधी आले, खिडकीवर काय ऐकलं, बोळात किती दिवस पडून होते. मधेच थांबवून म्हणाल्या, "गोड करू नगंस. जसं झालं तसं." खाली त्यांचा अंगठा घेतला. साक्षीदार म्हणून माझं नाव, पत्ता आणि सही मी आपणहून टाकली.

अर्ज जिल्ह्याच्या ठिकाणी, योजनेच्या तक्रारी ऐकणाऱ्या कार्यालयात दिला आहे. सुनावणीची तारीख पडायची आहे. इतका लांबचा प्रवास झेपेल का म्हणून मी फोनवर विचारलं, तुमच्या वतीनं मी एकटी गेले तर चालेल का? तिकडून सोजरबाई म्हणाल्या, "तू नुसती जीप सांग. ज्यानं काम केलं न्हाई त्याच्या तोंडाम्होरं मी हुभी ऱ्हानार हाय."